तोळाभर शिसं आणि माणसाचं मनगट

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांच्या पेटीवर गोळीचं वजन लिहिलेलं असतं ते ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या सराफाच्या तराजूतली गुंज जशी आधी बी होती आणि मग वजन झाली, तसाच हा दाणा. कंपनी सरकारच्या काळात, १८३३ साली, तोळ्याचं वजन पक्कं केलं गेलं ते १८० ग्रेन. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. त्यामुळे हा हिशेब आपल्याला अमेरिकन माणसापेक्षाही सोपा पडतो. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे एक तोळा आणि वर तिसरा हिस्सा. .५०० मॅग्नमची एक जड गोळी ४४० ग्रेनची. जवळजवळ अडीच तोळे. अडीच तोळ्यांचं मंगळसूत्र गळ्यात वागवणं निराळं आणि तेवढंच शिसं मुठीतून सेकंदाला चारशे मीटरहून जास्त वेगानं फेकणं निराळं. या प्रकरणातला सगळा प्रश्न त्या मुठीचाच आहे.

मोठ्या बोअरचं नवं रिव्हॉल्व्हर घ्यायला निघालेला माणूस कोण असतो? अमेरिकेत तो तीन ठिकाणी सापडतो. एक, निशाणेबाजीच्या मैदानावर. दुसरा, हाती फक्त रिव्हॉल्व्हर घेऊन हरणा-डुकराची शिकार करणारा हौशी. आणि तिसरा अलास्कात. मी तिसऱ्याला धरून चालणार आहे, कारण त्याची गरज साफ सांगता येते. अँकरेजच्या दक्षिणेला केनाई द्वीपकल्पात रशियन रिव्हर नावाची नदी आहे. उन्हाळ्यात तिच्यात सामन मासे वर चढतात, माशांमागे गळ घेऊन माणसं येतात, आणि त्याच माशांसाठी तपकिरी अस्वलंही येतात. किनारपट्टीवरचा मोठा नर चारशे-पाचशे किलोंच्या घरात जातो आणि धावायला लागला तर ताशी पन्नास किलोमीटरनं येतो. तीस मीटर अंतर काटायला त्याला दोन सेकंद पुरतात. मासे पकडणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, पाय पाण्यात. रायफल पाठीवर असली तरी ती काढेपर्यंत खेळ संपलेला असतो. म्हणून तिथला माणूस छातीवर पट्ट्यानं बांधलेलं रिव्हॉल्व्हर वागवतो. कमरेला का नाही? कमरेपर्यंत रबरी विजार आणि पाणी असतं, म्हणून.

आपल्याकडे हा प्रश्न पडतच नाही. भारतात .३८, .४५५, ९ मिलिमीटर या मापांची हत्यारं ‘प्रोहिबिटेड बोअर’ धरली जातात आणि सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२चं रिव्हॉल्व्हर येतं. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ साली बाजारात आणलेलं ‘निर्भीक’ त्यातलंच, वजनाला अर्धा किलो. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असतात, किर्की फॅक्टरीची. आपल्या ओळखीचं रिव्हॉल्व्हर-जग एवढंच. इथून पुढे ज्या हत्यारांबद्दल बोलायचं आहे त्यांच्या मानानं ते खेळण्यात जमा होईल.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. आपल्या गावच्या ‘बारा बोअर’मध्ये बारा हा आकडा नळीच्या व्यासाचा नसतो, नळीत बसेल अशा शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती, त्याचा असतो. आकडा वाढला की भोक लहान. रिव्हॉल्व्हरचा आकडा मात्र इंचाचा अपूर्णांक. निदान तसा असायला हवा. .४४ मॅग्नमची गोळी प्रत्यक्षात .४२९ इंचांची असते. .३८ स्पेशलची .३५७. याचं कारण जुनं आहे: एके काळी गोळीचा बाहेर दिसणारा भाग काडतुसाच्या पितळी नळकांड्याइतकाच जाड असे, आणि नाव त्या जाडीवरून पडे. पुढे गोळी नळकांड्याच्या आत शिरली, बारीक झाली, पण नाव तेच राहिलं. .५०० मात्र खरोखर अर्धा इंच आहे.

दुसरा घोळ मोठा. बोअर मोठं म्हणजे मारा जबर, असं नाही. स्वातंत्र्यपूर्व काळावरच्या सिनेमात गोऱ्या अधिकाऱ्याच्या हातात दिसतं ते वेब्ली आठवा. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्करानं १८८७ साली स्वीकारलं आणि १९१५मध्ये त्याची सहावी आवृत्ती निघाली. बोअर .४५५, गोळी २६५ ग्रेनची, दीड तोळ्याला किंचित कमी. पण वेग सेकंदाला एकशे नव्वद मीटरच्या आसपास. ऊर्जा काढली तर तीनशे जूल भरते. आजच्या पोलिसाच्या पट्ट्यातलं साधं ९ मिलिमीटर पिस्तूल पाचशे देतं. म्हणजे वेब्लीचं भोक अक्राळविक्राळ, पण गोळी रमतगमत जाणारी.

आणि तरीही तेच वेब्ली लोकांना झेपेना. पहिल्या महायुद्धात लाखो नवखी माणसं भरती झाली. धंदेवाईक सैनिकाला वर्षानुवर्षांच्या सरावानं जमणारं सव्वा किलोच्या आतबाहेरचं हे धूड कारकुनाच्या, शेतमजुराच्या हातात थोड्या दिवसांत बसत नव्हतं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी विचार केला आणि माप खाली आणलं. १९३२च्या सुमारास सेनेत आलेलं एनफिल्ड .३८ बोअरचं होतं, गोळी २०० ग्रेनची, तोळ्याहून थोडीच जास्त. कागदावर मारा कमी झाला होता. पण लागणारी लहान गोळी हुकणाऱ्या मोठ्या गोळीपेक्षा बरी, हे गणित एका साम्राज्यानं अधिकृतपणे मांडलं. अमेरिकेतला हौशी माणूस मात्र नेमका उलट दिशेनं निघाला होता.

त्याचं नाव एल्मर कीथ. जन्म १८९९चा, मिसूरीतला. लहानपणी एका आगीत वाईट होरपळलेला. पुढे आयडाहोत गुरं, खेचरं आणि शिकाऱ्यांची वाट दाखवण्याचं काम करणारा. टोपी मोठी, आवाज मोठा, मतं त्याहून मोठी. पण माणूस प्रयोगशील होता. त्या काळचं जबर रिव्हॉल्व्हर म्हणजे .४५ कोल्ट, १८७३ सालचं. कीथनं त्यात जास्त दारू भरून पाहिली आणि सिलिंडर फोडून घेतला. दुसरा एखादा तिथेच थांबला असता. कीथनं फुटक्या तुकड्यांकडे बघितलं.

रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरला सहा कप्पे असतात. सिलिंडरचा बाहेरचा व्यास ठरलेला. कप्पा जेवढा रुंद, तेवढी त्याच्या भोवतीची पोलादी भिंत पातळ. .४५चा कप्पा रुंद, म्हणून भिंत पातळ. त्याच सिलिंडरमध्ये .४४ स्पेशलचे कप्पे पाडले तर भिंत जरा जाड उरते. जरा म्हणजे अगदी केसभर, पण दाबाच्या खेळात तो केस मोलाचा. म्हणजे जास्त ताकद हवी तर बोअर किंचित लहान घ्यावं! हा शोध मला या सगळ्या इतिहासातला सर्वात सुंदर वाटतो. मोठं हवं म्हणून लहान निवडणारा माणूस.

कीथ तीस-एक वर्षं .४४ स्पेशलच्या मागे लागून राहिला. नियतकालिकांत लिहीत राहिला, कंपन्यांच्या कानीकपाळी ओरडत राहिला. शेवटी स्मिथ अँड वेसन आणि काडतुसांसाठी रेमिंग्टन अशा दोन कंपन्यांनी मनावर घेतलं आणि १९५५ साली .४४ मॅग्नम तयार झालं. नळकांडं .४४ स्पेशलपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब केलं, ते जास्त दारू मावावी म्हणून नव्हे. नवं काडतूस चुकून जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून. उलट बाजूनं मात्र वाट मोकळी: .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल बिनदिक्कत चालतं. या एका गोष्टीवर पुढे परत यायचं आहे.

आता दाबाचे आकडे. आपण गाडीच्या चाकात हवा भरतो ती तीस-तेहतीस पीएसआय. .४५ कोल्टच्या जुन्या काडतुसाला अमेरिकेत ठरवून दिलेली कमाल मर्यादा १४,००० पीएसआय. .४४ मॅग्नमला ३६,०००. आणि कीथच्याच वळणावर जाणाऱ्या डिक कॅसलनं घडवलेल्या .४५४ कॅसलला ६५,०००. तळहाताएवढ्या पोलादी ठोकळ्यात, डोळ्यांपासून हातभर अंतरावर, चाकाच्या दोन हजार पट दाब निर्माण होतो आणि माणूस त्याला खुशाल दोन हातांनी धरून उभा असतो. असं हत्यार घेताना घासाघीस कशात करायची नाही, ते इथे कळतं.

स्मिथ अँड वेसनच्या या रिव्हॉल्व्हरला १९५७मध्ये ‘मॉडेल २९’ असा क्रमांक मिळाला. काळंनिळं झळाळतं पॉलिश, चाप लोण्यासारखा. बरीच वर्षं ते शौकिनांपुरतंच राहिलं. मग १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ आला, क्लिंट ईस्टवुडच्या हातात हे हत्यार होतं, आणि दुकानांत ते मिळेनासं झालं. सिनेमा पाहून ते विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ते दुसऱ्यांदा उडवलं असेल, हा प्रश्न मनात येतोच.

बिल रूगर या दुसऱ्या कारखानदारानं १९५६मध्येच आपलं .४४ मॅग्नम काढलं. त्याचं घराणं वेगळं होतं. वळण जुन्या कोल्टचं: दर बाराआधी घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा, मग चाप. याला सिंगल ॲक्शन म्हणतात. स्मिथचं डबल ॲक्शन. नुसता चाप लांब ओढला तरी घोडा उठतो आणि पडतो. सिंगल ॲक्शनमध्ये काडतुसं भरायला बाजूची छोटी खिडकी उघडून एकेक घालायचं, आणि रिकामी नळकांडीही एकेक करून काडीनं ढकलायची. डबल ॲक्शनचा सिलिंडर दार उघडावं तसा बाजूला येतो, एका दाबात सगळी नळकांडी बाहेर.

भरण्याच्या सोयीचा हा वाद अमेरिकन घोडदळानं १८७०च्या दशकात घातला होता. १८७३ला त्यांनी सिंगल ॲक्शन कोल्ट घेतलं, कारण ते चिखलमातीत चालायचं आणि मोडलं तरी दुरुस्त व्हायचं. दोनच वर्षांनी मेजर स्कोफील्डनं सुधारलेलं स्मिथ अँड वेसनही घेतलं. ते मधून दुमडून उघडायचं, रिकामी नळकांडी आपोआप बाहेर पडायची, घोड्यावर बसल्या बसल्या भरता यायचं. हत्यार म्हणून ते सरसच. पण त्याचा सिलिंडर आखूड होता, कोल्टचं लांब काडतूस त्यात बसत नसे. एका पलटणीकडे एक हत्यार आणि पेटीत दुसऱ्याची काडतुसं, असा घोळ होऊ लागला. शेवटी टिकलं कोल्ट. हत्यार निवडताना आधी काडतूस निवडायचं असतं, हा धडा घोडदळाला महागात मिळाला. आजच्या गिऱ्हाइकाला फुकट मिळतो, तरी बरेच जण काचेच्या कपाटातल्या पॉलिशकडे बघूनच निर्णय घेतात.

सिंगल ॲक्शनचा आणखी एक जुना दोष होता. घोड्याची सुई थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेली असे. हत्यार दगडावर पडलं तर बार. म्हणून जाणकार माणूस सहाबारी पिस्तुलात पाचच काडतुसं भरी आणि घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवी. रूगरनं १९७३ साली घोडा आणि सुई यांच्यामध्ये एक पोलादी पट्टी घातली; चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका सुईपर्यंत पोचतच नाही. तेव्हापासून नवं रूगर सहाही कप्पे भरून वागवता येतं. त्याआधीचं, आजोबांच्या पेटीतलं मिळालं, तर मात्र पाच.

टिकाऊपणाची परीक्षा सिनेमात होत नाही. ती झाली मैदानावर. मेक्सिकोतून आलेला एक खेळ आहे: पोलादी पत्र्याची कोंबडी, डुकरं, टर्की आणि मेंढे उभे करायचे आणि ते नुसते लागून चालत नाहीत, पाडायचे. मेंढा दोनशे मीटरवर! १९७६ला अमेरिकेत या खेळाची हातबंदुकांसाठी संघटना निघाली आणि .४४ मॅग्नमचे बार हजारोंनी उडू लागले, तेही जड गोळ्यांचे. तेव्हा मॉडेल २९चा सिलिंडर धक्क्यानं जागचा हलतो, कधी उलटा फिरतो, असं दिसू लागलं. कंपनीला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आतले भाग बदलून मजबूत करावे लागले. दरम्यान १९७९मध्ये रूगरनं रेडहॉक नावाचं डबल ॲक्शन काढलं होतं, बैलगाडीच्या आसासारखं जाडजूड. मला विचाराल तर नजाकत स्मिथची आणि हाडापेरानं भक्कम रूगरचं, ही तुलना आजही बरीचशी खरी आहे. वर्षाला शंभर बार उडवणाऱ्याला दोन्ही आयुष्यभर पुरतील. महिन्याला हजार उडवायचे असतील तर जाड पोलाद घ्यावं.

धक्क्याचं गणित शाळेतल्या न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचंच आहे, पण त्यात एक मेख आहे. २४० ग्रेनची गोळी सेकंदाला चारशे मीटरनं निघाली की तिचा संवेग ठरला. तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायू तिच्याहून कितीतरी वेगानं निघतो, त्याचाही संवेग त्यात मिळवायचा. हा सगळा संवेग हत्याराला उलट दिशेनं मिळतो. हत्यार १.३५ किलोचं असेल, म्हणजे साडेसहा इंची नळीचं पोलादी मॉडेल २९, तर ते सेकंदाला सुमारे सहा मीटरनं मागे येतं. त्याची ऊर्जा चोवीस जूलच्या आसपास. दोन किलोचा वरवंटा सव्वा मीटरवरून तळहातावर पडावा, तसं. ९ मिलिमीटर पिस्तूल याच हिशेबानं सहा-सात जूल देतं.

आता हत्यार हलकं करा. स्मिथ अँड वेसननं २००३च्या सुमारास स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची चौकट असलेलं .४४ मॅग्नम काढलं, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला स्वप्नवत. पण संवेग तोच राहतो, वजन निम्मं होतं, म्हणून मागे येण्याचा वेग दुप्पट. ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, पण वजन निम्मं झालेलं, म्हणून तीही जवळपास दुप्पट. पंचेचाळीस जूल. तोच वरवंटा आता दोन मीटरच्याही वरून पडतो. खांद्यावरचा अर्धा किलो वाचला त्याची वसुली मनगटाकडून होते.

हलक्या हत्याराची आणखी एक खोड आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. बार उडाला की हत्यार झटक्यानं मागे जातं, पण बाकीच्या पाच काडतुसांतल्या गोळ्या जडत्वानं जागच्या जागी राहू पाहतात. म्हणजे नळकांड्यातून पुढे सरकतात. बाटलीचं बूच हळूहळू निघावं, तशा. एखादी पुरेशी पुढे आली की सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावते आणि चौकटीला अडते. सिलिंडर फिरत नाही. हत्यार बंद. पुढ्यात अस्वल. म्हणून हलक्या रिव्हॉल्व्हरबरोबर काडतुसंही पारखून घ्यावी लागतात, नळकांड्याची कड गोळीवर घट्ट आवळलेली.

मुठीचा आकारही बोलतो. सिंगल ॲक्शनची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते. धक्क्यानं ती तळव्यात वर घसरते आणि नळी आकाशाकडे जाते, धक्का त्यात विरतो. डबल ॲक्शनची मूठ मागून उंच असते, ती घसरत नाही, थेट अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात ठोसा मारते. पण हत्यार हातातल्या जागेवर राहतं, म्हणून दुसरा बार लवकर मारता येतो. दोन सेकंदांत तीस मीटर पार करणाऱ्या जनावरापुढे मी दुसरी मूठ घेईन, बेचक्याला काय व्हायचं ते होवो.

इथवर .४४चं चाललं होतं. पण अमेरिकन मनाला .४४वर थांबणं कठीण. वायोमिंगमधल्या फ्रीडम नावाच्या छोट्या गावात १९८३पासून .४५४ कॅसलची रिव्हॉल्व्हर बनू लागली, घड्याळजीच्या काटेकोरपणानं घडवलेली आणि त्याच तोलाच्या किमतीची. जॉन लाइनबॉनं .४७५ आणि .५००ची आपली काडतुसं घडवली. २००३ला स्मिथ अँड वेसननं .५०० मॅग्नम आणि त्यासाठी नवी, अवजड चौकट आणली. साडेआठ इंचांच्या आसपास नळी, वजन दोन किलो. ऊर्जा तीन हजार जूलच्या पुढे. एके-४७ची गोळी नळीतून निघताना सुमारे दोन हजार जूल घेऊन निघते!

या राक्षसांत बहुतेकदा सहाऐवजी पाचच कप्पे असतात, आणि त्यामागे कीथची तीच भिंत आहे. शिवाय सिलिंडर प्रत्येक बाराला नेमका थांबावा म्हणून त्याच्या पाठीवर खाचा असतात. सहा कप्प्यांत ही खाच कप्प्याच्या डोक्यावरच येते, म्हणजे भिंत जिथे सर्वात पातळ तिथेच आणखी कोरलेली. पाच कप्प्यांत ती दोन कप्प्यांच्या मधल्या जाड पोलादावर येते. एक गोळी गेली, पण हत्यार वाचलं.

सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये प्रत्येक रिव्हॉल्व्हरला बारीकशी फट असते. बाराच्या वेळी तिच्यातून जळता वायू दोन्ही बाजूंना फुटतो. .५००च्या दाबाला ती फट करवतीसारखी काम करते. रायफल धरल्यासारखा पुढचा हात तिथे नेला तर बोटाची खैर नाही. नळीच्या टोकाला धक्का कमी करणारी छिद्रं असतात, त्यांनी मनगट वाचतं आणि कान जातात, कारण वायू बाजूला वळतो. आणखी एक चमत्कारिक गोष्ट: धक्का एवढा की नवख्याचं बोट चापावर नकळत पुन्हा आवळलं जातं आणि दुसरा बार आकाशात, किंवा त्याहून वाईट दिशेनं जातो. म्हणून मैदानावरचे शहाणे लोक पाहुण्याला पहिल्यांदा .५०० देताना एकच काडतूस भरून देतात.

मग अस्वलाचं काय? अलास्कातल्या घटना जमवून टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ आणि २०१२ साली दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिला मिरचीच्या फवाऱ्याचा. डब्यात असतो तोच दाहक पदार्थ, जो आपल्या लवंगी मिरचीत. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवारा ९२ टक्के वेळा लागू पडल्याचं त्यात दिसलं. दुसरा बंदुकांचा, १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटनांचा. हातबंदुका ८४ टक्के वेळा यशस्वी, लांब बंदुका ७६ टक्के. दोन्ही अभ्यासांतल्या घटना एकसारख्या नाहीत, त्यामुळे टक्क्यांची थेट कुस्ती लावणं बरोबर नाही. पण रिव्हॉल्व्हर-पिस्तुलं रायफलींच्या मागे पडलेली नाहीत, हे त्या आकड्यांत आहे. जे हाताशी असतं आणि पटकन निघतं, ते कामाला येतं. २०१६ साली अलास्कातल्या एका मुरलेल्या वाटाड्यानं अंगावर आलेलं तपकिरी अस्वल चक्क ९ मिलिमीटर पिस्तुलानं थांबवलं. ग्रीनलँडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारी डॅनिश सिरियस तुकडी ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात १० मिलिमीटर पिस्तूल वागवते, पंधरा गोळ्यांचं. अलास्कातही अलीकडे बऱ्याच जणांनी रिव्हॉल्व्हर सोडून तेच घेतलं आहे.

तरी रिव्हॉल्व्हरच हवं, असा हट्ट असेल, आणि तो हट्ट मला समजतो, तर माझं मत हे. काडतूस .४४ मॅग्नम. हत्यार डबल ॲक्शन, पोलादी. निळं पॉलिश नको, स्टेनलेस, कारण तिथे पाऊस आणि खारी हवा दोन्ही आहेत. नळी चार इंचांची. साडेसात इंचांची छातीवरच्या म्यानातून निघेपर्यंत अस्वल येऊन जेवूनही जाईल. वजन सव्वा किलोच्या आसपास. नळीच्या टोकावरची माशी ठळक रंगाची. अस्वलासाठी पोकळ टोकाची, फुलणारी गोळी नको. सपाट टोकाची, कठीण मिश्रधातूची, खोल जाणारी हवी. आणि सरावासाठी पेट्याच्या पेट्या .४४ स्पेशल. निम्म्याहून कमी धक्का, त्याच चापाची सवय, तीच माशी, तीच मूठ. कीथनं अर्धं आयुष्य ज्या काडतुसावर घालवलं ते आज मनगटाची तालीम करायला उरलं आहे. .४५४वाल्याला हीच सोय .४५ कोल्टची, २००५ साली आलेल्या .४६०मध्ये तर .४५४ आणि .४५ कोल्ट दोन्ही चालतात. .५००ला अशी सहज मिळणारी धाकटी भावंडं नाहीत.

अस्वल मारलं तर पुढचं काम वेगळंच असतं. जीव वाचवण्यासाठी मारलेल्या अस्वलाचं कातडं आणि कवटी अलास्का सरकारकडे जमा करावी लागते. म्हणजे हादरलेल्या हातांनी तिथेच बसून सोलायचं.

आणि कपाटातून नवंकोरं उचलण्याआधी त्याच दुकानातला वापरलेल्या मालाचा कप्पा पाहावा. तिथे .५०० असतंच बहुधा. नळीवर ओरखडा नाही, मूठ चकचकीत, कागदपत्रं जागच्या जागी. सोबत वीस काडतुसांची पेटी फुकट देतात. उघडून मोजली, तर आत पंधरा.